औषध आणायला बंदी आहे, असं कुठे लिहिलंय?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सोलापुरात टॉवेल कारखान्यात यंत्रमागावर, ताई घरी विड्या वळतात, लेक यंदा बारावी कला शाखेत. तिला वकील व्हायचंय, तेही मानवी हक्कांचं काम करणारी. तुमच्या मनात तिने डी.एड. करावं, नाहीतर तलाठी भरतीला बसावं. तिच्या हट्टाचं मूळ तुम्हीच सांगितलंय. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, आजीचं बीपीचं औषध आणायला तुम्ही निघालात, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही गाडी जप्त झाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याचा, गुन्हा नोंदला गेला. बारा वर्षांच्या पोरीने तेव्हा विचारलं, "औषध आणायला बंदी आहे, असं कुठे लिहिलंय?" तुम्ही तिला गप्प केलंत. आता लिहिताय, "मॅडम, माणसं मरत होती, जे केलं ते आपल्या भल्यासाठीच. ह्या भांडणात तिचं आयुष्य का घालवायचं?"

माणसं मरत होती हे खरंच आहे. साथीत लोकांना घरात थांबवावं लागतं आणि कायदा तशी मुभाही देतो. देशभर फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमात आहे, आणि सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील हेही त्याच कलमात आहे. सगळं अडतं ते 'वाजवी' या शब्दावर. हुकूम कोणाच्या सहीचा, कोणत्या कायद्याखाली, कशासाठी, किती दिवसांचा, आणि याहून कमी त्रासाचा मार्ग होता का, हे प्रश्न त्या एका शब्दातून निघतात. तुमच्या मुलीने त्यातलाच एक प्रश्न बाराव्या वर्षी, कोणी न शिकवता विचारला. म्हणून तिच्या हट्टाकडे मी गंभीरपणे पाहते.

ज्या कायद्यावर २०२० मध्ये एवढा कारभार उभा राहिला, तो साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. मूळचा अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार आहे, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, हेतू चांगला असेल तर अधिकाऱ्याला संरक्षणही आहे. रुग्णाच्या किंवा घरात कोंडलेल्या माणसाच्या हक्काबद्दल मात्र एक ओळ नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांमुळे लोक किती संतापले होते आणि रँडचं काय झालं, हे आपण शाळेत शिकलोय. २०२० ची देशव्यापी टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होती. १८९७ आणि २०२० यांत फरक असा की मधल्या काळात आपल्याला राज्यघटना मिळाली. आणीबाणीतसुद्धा जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, स्थगित करता येत नाही, ही दुरुस्ती १९७८ ची आहे. कोरोनात तर आणीबाणी जाहीरच झाली नव्हती.

तुम्ही कारखान्यात काम करता, म्हणून एक निकाल मुद्दाम सांगते. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने साथीचं कारण देऊन कारखान्यांना बारा तासांची पाळी लावायची सूट दिली आणि जादा तासांना दुप्पट मजुरी देण्याची अटही काढून टाकली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ते आदेश रद्द केले. साथीने अर्थव्यवस्थेवर ताण आला म्हणून ती कारखाने कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' (जिच्यात सरकारला नियमांतून सूट देता येते) ठरत नाही, आणि मंदीचा भार कामगाराच्या मजुरीवर टाकता येणार नाही, असा त्याचा गाभा. दादा, पाळी बाराची झाली आणि दुप्पट मजुरी गेली तर घरात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही लढाई कोणीतरी वकिलानेच लढली.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतलेली आहे. आमच्या इमारतीत एका घराच्या दारावर रुग्ण असल्याचा कागद चिकटवला होता. घरातले बरे झाले, तरी जिन्यात कोणी त्यांच्या शेजारून जाईना, पुढे कित्येक आठवडे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय असे कागद लावता येणार नाहीत. मे २०२२ मध्ये लसीबाबतही निकाल आला: कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, पण समाजाच्या आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, ते प्रमाणात असले पाहिजेत. हा निकाल मुलीने पूर्ण वाचावा, कारण त्यात न्यायालयाने लसीकरणाचं धोरण अवाजवी ठरवलेलं नाही. हक्कांचं काम करणाऱ्या वकिलाला सरकारची बाजूही तितक्याच बारकाईने वाचावी लागते. नुसता राग असेल तर ती दोन वर्षांत थकेल.

आणि हे सोलापूर आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, राष्ट्रीय झेंडा हाती घेणं गुन्हा ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. लष्करी कायदा आणि साथीतला निर्बंध यांची मी तुलना करत नाही. पण हुकूम आणि कायदा यांत अंतर असतं, हे या गावाला फार जुन्या काळापासून माहीत आहे.

आता पैशाचं आणि वाटेचं. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते, तिथला खर्च जास्त. मी सोलापुरातच शिकायचा सल्ला देईन, निदान पहिला पर्याय म्हणून. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी शुल्कमाफी तुमच्या प्रवर्गाला आणि त्या महाविद्यालयाला लागू होते का, हे प्रवेशाआधी विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये रांगेत उभं राहायला लागू नये.

सुरुवातीची तीन-चार वर्षं कमाई तुटपुंजी असते, हे लपवत नाही. केवळ मानवी हक्कांवर घर चालवणारे वकील थोडे. बहुतेक जण कामगार, कौटुंबिक, फौजदारी खटले चालवतात आणि त्यासोबत हे काम करतात. न्यायाधीश व्हायचं मनात आलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानुसार आधी तीन वर्षं वकिली हवी. तिच्या पिढीच्या हाती एक मोठी गोष्ट मात्र आली आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्यालयाबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. रिट याचिकेसाठी, म्हणजे हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी, मुंबईला राहायची सोय नाही म्हणून इथल्या किती वकिलांनी ते काम सोडून दिलं असेल! मराठी, तेलुगू, हिंदी तिला येतंच. इंग्रजी मात्र आजपासून रोज, निकाल वाचत.

तुमच्या गुन्ह्याचं पुढे काय झालं, हे पत्रात नाही. टाळेबंदीतले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचं राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. शिवाय या कलमाखाली संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. (आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत २२३ झालंय.) जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. एखाद्या कामाच्या दिवशी सुट्टी काढा, गुन्ह्याचा कागद आणि ती औषधाची चिठ्ठी असेल तर तीही घ्या, आणि लेकीला सोबत न्या. अर्ज तिलाच लिहू द्या.