आधी तो पुठ्ठा काढा

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात. दिवाळीपासून थंडी वाढलीय आणि तेव्हापासूनच बाथरूममधला गॅस गिझर छळायलाय. पाच-सात मिनिटं नीट चालतो आणि मधेच विझतो. अंगाला साबण, वरून गार पाणी! मिस्त्रीने आधी सेल बदलले, मग ‘सर्किट गेलंय’ म्हणून नवं बसवलं. १,२०० रुपये गेले, गिझर तसाच. गणपतीत याच गिझरवर पाहुण्यांच्या सात-आठ अंघोळी विनातक्रार झाल्या होत्या. नवाच घ्यावा का? जाता जाता : वारा फार येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय. परवा लेक अंघोळ करून आली ती डोकं धरूनच, मळमळतही होतं. ऑक्सिमीटरवर ९८ आलं, म्हणजे पित्तच असेल.

उत्तर : ताई, तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून लिहिलंय, तेच आधी घेतो. वाचून होताच पुठ्ठा काढा. पुढचं सगळं ठीक होईपर्यंत पाणी चुलीवर तापवा.

लेकीचं ते पित्त आहे असं मला वाटत नाही. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने धरून बसतो. आणि ते ९८? बोटाला लावायच्या चिमट्याला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि हा वायू धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, दोन्हीला तो शाबासकी देतो. लेकीला दवाखान्यात दाखवा आणि ‘बंद बाथरूममध्ये गॅस गिझरवर अंघोळ केली होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. पुन्हा कुणाला असं झालं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग बाकीचं.

हे मी ऐकीव सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी बेळगावच्या टिळकवाडीत एका घरी असाच ‘मधेच विझणारा’ गिझर बघायला गेलो होतो. बाहेर पाऊस, म्हणून दार ओढून घेतलं आणि पालथ्या बादलीवर बसून ज्योत बघत राहिलो. कपाळात ठोके पडायला लागले. वाटलं, सकाळचा चहा राहिला त्याचं हे. उठायला गेलो तर गुडघ्यांत जोरच नाही. हातातला पाना फरशीवर पडला, तो आवाज ऐकून त्या घरच्या अक्का ‘एनाय्तु री?’ (काय झालं हो?) म्हणत दार उघडून आत आल्या. पाना पडला नसता तर हे सदर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असतं.

आता बिघाड. गणपतीत सात-आठ अंघोळी झाल्या तेव्हा खिडकी उघडी होती, इथेच अर्धं उत्तर आहे. हवेतला ऑक्सिजन घटला की गॅस तोडायची सोय काही गिझरांत असते. तुमच्यात ती असेल तर बिचारा रोज इशारा देत होता आणि तुम्ही त्याचंच सर्किट बदललंत. खात्री करायला दार-खिडकी सताड उघडा, नळ बादलीत सोडा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं चालवा. आत कुणी थांबायचं नाही, बाहेरूनच बघायचं. विझला नाही तर गिझरला काही झालेलं नाही. (वीस मिनिटांनी विझला तर घाबरू नका, पुष्कळ मॉडेलांत तेवढाच टायमर असतो.)

तरीही विझला, तर पाणी बघा. तुमच्याकडे बोअरचं असेल तर क्षार आलेच. पाणी आत शिरतं त्या नटाखाली छोटी जाळी असते. ती पांढरी, खरबरीत झालेली असेल. धार मंदावली की आतल्या नळीत पाणी भलतंच तापतं आणि उष्णतेचा सेन्सर गॅस बंद करतो. मिनिटभरात बादलीत तीन लिटरही पडत नसेल तर जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. ज्योत पिवळी, लवलवती दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी असली, तर बर्नर साफ करून घेतल्याशिवाय पेटवू नका.

पण जाळी साफ झाली म्हणून गिझर तिथेच ठेवायचा नाही. बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली घ्या, गरम पाण्याची फक्त नळी आत. तुमच्याकडचा पाऊस आडवा येतो, तेव्हा वर पत्र्याचं छप्पर करा. मात्र चारी बाजूंनी पेटी करू नका आणि खिडकीच्या अगदी खाली बसवू नका. गॅसची नळी दीड मीटरहून लांब नको, आणि पाच वर्षं झाली असतील तर नवी घ्या. आपल्या जुन्या न्हाणीत हंड्याखाली लाकडं जळायची, धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. आता वर स्लॅब, भिंतीला टाइल्स, सरकत्या काचेची खिडकी. धुराने जायचं कुठून?

नवा गिझर घेऊ नका. ते पैसे प्लंबरला द्या.

प्रश्न : गिझर टकटक करतो, पण पेटत नाही. — एक वाचक, निपाणी

उत्तर : नळ बंद करा. गॅसचा वास येत असेल तर सिलिंडर बंद करून खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका. वास नसेल तर सिलिंडर संपलाय का, रेग्युलेटर चालू आहे का, ते बघा. मग सेल. मोठे, दीड व्होल्टचे, दोन्ही एकदम नवे घाला. एक जुना एक नवा चालत नाही. सेलच्या डब्यातल्या पत्तीवर हिरवट थर दिसला तर पॉलिश पेपरने खरवडा. टकटकही होत नसती, तर मी आधी पाण्याचा दाब बघायला सांगितलं असतं.