अचूक आणि भरवशाचा बाथरूम स्केल कसा निवडावा? डिजिटल घ्यावा की काट्याचा?

तुमचं म्हणणं असं की घरचा काट्याचा स्केल सकाळी ६८ दाखवतो, उतरून लगेच परत चढलं की साडेएकोणसत्तर. चकती फिरवून शून्यावर आणला तरी तेच. म्हणून आता डिजिटल घ्यावा का आणि कोणत्या कंपनीचा, असं विचारलंय. कंपनी मी सांगणार नाही. एकाच कंपनीचे दोन काटे शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांनी वेगळं वजन दाखवलं, हे मी पाहिलंय. पण ते ‘शून्यावर आणला तरी’ वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. माझी बरीचशी नोकरी याच एका वाक्याशी भांडण्यात गेली.

मी एएनएम होते, म्हणजे खेड्यातली सरकारी नर्स. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आरोग्य उपकेंद्र. गरोदर बायांची वजनं घ्यायला आम्हाला मिळायचा तो काटा म्हणजे तुमच्या घरी आहे तोच: चौकोनी पत्र्याचा, वर काळं रबर, फुगीर काचेखाली फिरणारी तबकडी. शहरात लोक त्यावर हौसेनं उभे राहतात. आमच्याकडे त्या आकड्यावर बाईचं पुढचं सगळं ठरायचं. पहिले तीन महिने सोडले तर गरोदर बाईचं वजन महिन्याला साधारण २ किलो वाढायला हवं, एकूण ९ ते ११ किलो. वाढ कमी पडली तर बाळ बारीक राहण्याची भीती. महिन्यात ३ किलोच्या वर गेलं तर सूज, रक्तदाब, जुळं, साखर, सगळं तपासायचं. म्हणजे आमचा सगळा कारभार एका-दोन किलोंच्या फरकावर. आणि काटा तेवढ्याचीच चूक करत असेल तर कार्डावर लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

एका तपासणीच्या दिवशी बायांची वजनं घटलेली दिसायला लागली. एकीचं नाही, बऱ्याच जणींचं. सातव्या महिन्यातली एक बाई मागच्या खेपेला ४४ होती, ती ४३ वर आली. ती मला म्हणाली, “बाई, मी ते रोज पोटभर जेवस, मंग वजन कसं कमी व्हयनं?” सोबत सासू आली होती. तिनं तिथंच सुनेला बोलायला सुरुवात केली, की ही खात नाही, ताटात टाकते. मी बैठकीत हे सांगितलं तर आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं उत्तर तयार होतं: ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्या बाया, घटणारच. आता ऊसतोडीहून आलेल्या बायांची काय दशा होते ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण ही बाई त्या वर्षी गाव सोडून कुठंच गेली नव्हती. आणि माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. त्याच काट्यावर शाळेतल्या पोरांची वजनं मागच्यासारखीच भरत होती. घट होती ती फक्त मोठ्या माणसांत. खाणंपिणं असं निवडून घटत नाही.

साहेब म्हणाले, “काटा शून्यावर आहे ना? मग काटा बरोबर आहे.”

गावात कापूस-मक्याचे एक आडतदार होते. त्यांच्याकडून मी २० किलोची दोन वजनं मागून आणली. बिडाची, सहा कोनांची, आणि भोकात शिसं भरून त्यावर मारलेला सरकारी शिक्का. एक वजन काट्यावर ठेवलं. काटा बरोबर २० वर. दुसरं ठेवलं. चाळिसावर यायला हवा होता, तो अडतिसावर येऊन थांबला. दोन्ही उचलली तर परत नेमका शून्यावर. म्हणजे शून्य खरं, वीस खरं आणि चाळीस खोटं.

ती वजनं आणि तो काटा मी पुढच्या बैठकीला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. आडतदारांचा हमाल मोटारसायकलवर वजनं धरून बसला होता. सगळ्यांसमोर ठेवून दाखवलं. साहेब म्हणाले, वजनंच खोटी असतील. मी शिक्का दाखवला. तेव्हा म्हणाले, “सिस्टर, दोन किलोंनी काय होतं?”

दोन किलोंनी काय होतं ते त्या सुनेला विचारायला हवं होतं.

शेवटी स्वतःच्या पैशानं काटा शिरपूरला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं वरचा पत्रा काढून समजावलं ते तुम्हीही समजून घ्या, कारण तुमच्या काट्याचं बहुतेक हेच झालंय. आत चार कोपऱ्यांतून लोखंडी पट्ट्या येतात आणि सगळा भार एका स्प्रिंगवर आणून सोडतात. स्प्रिंग ताणली की तबकडी फिरते. आमच्या काट्यावर कोणीतरी सलाईनच्या बाटल्यांची खोकी आणि रजिस्टरांचे गठ्ठे रचून ठेवले होते. त्यानं वरचा पत्रा एका बाजूला वाकला. थोडं वजन असलं तर अडचण नाही, पण माणूस उभा राहिला की पत्रा खाली जाऊन बुडाच्या कडेला टेकायचा. तेवढा भार स्प्रिंगपर्यंत पोचायचाच नाही. घासणाऱ्या कडेवर माणूस जरा वेगळा उभा राहिला की आकडाही वेगळा. तुमचा दीड किलोंचा फरक मला तरी यातलाच वाटतो. चकती फिरवून तो जाणार नाही. चकती फक्त सुरुवात कुठून करायची ते ठरवते, पुढचं काहीच नाही.

आता तुमचं उत्तर. डिजिटल घ्या. काचेचा, चार पायांचा, १०० ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवणारा. त्याच्या प्रत्येक पायात एक सेन्सर असतो. वजनानं धातूची पट्टी केसभर वाकते, तिला चिकटवलेल्या बारीक तारेतून जाणारा प्रवाह बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. घासायला तिथं फार काही नाही. तबकडी वरून वाचली की एक आणि समोरून वाचली की दुसरं, ही भानगडही मिटते. पण ६८.३ असा आकडा दिसतोय म्हणून तो १०० ग्रॅमपर्यंत खरा आहे असं धरू नका. दाखवणं वेगळं आणि खरं असणं वेगळं.

पारख करायची तर तुमच्या स्वतःच्या वजनावरच करा. रिकाम्या काट्यावर एक पिशवी ठेवून काही कळत नाही, आमच्या विसासारखंच होईल. दुकानात आधी तुम्ही उभे राहा, मग ५ किलोचं बंद आट्याचं पाकीट हातात घेऊन उभे राहा. फरक पाचचाच यायला हवा. थोडं पुढे, थोडं मागे सरकूनही बघा. एक चलाखी सांगून ठेवते: काही डिजिटल काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि नवं वजन जवळपास असलं तर जुनाच आकडा परत दाखवतात. ‘दर वेळी तेच येतं, किती अचूक’ असं दुकानदार म्हणतो ते यामुळेही असू शकतं. म्हणून दोनदा मोजायचं तर मध्ये दुसरं कोणीतरी चढवा.

मग घरी आणल्यावर गावातल्या धान्याच्या किंवा भंगाराच्या दुकानात प्लॅटफॉर्म काटा असतो त्यावर उभे राहा, आणि त्याच कपड्यांत लगेच घरी येऊन मोजा. व्यापारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. पडताळणीची मुदत संपलेली नाही ना ते बघा. विचारायला लाजू नका. भरलेला गॅस सिलिंडरही चालतो: रिकाम्याचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. अर्थात सील तुटलेलं नको.

काटा बाथरूममध्ये ठेवू नका, नाव काही असो. ओल आत जाते. दोन फरश्यांच्या सांध्यावर नको, चटई-गोधडीवर तर मुळीच नको; मऊ जागेत पाय रुततात, पोट जमिनीला टेकतं आणि पुन्हा आमच्या वाकलेल्या पत्र्याचीच गत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा गच्चीच्या दाराशी उन्हात तापत ठेवू नका. जागा बदलली की पहिला आकडा सोडून द्या. आणि त्याच्यावर सामान रचू नका, हे तर सांगायलाच नको.

चरबी, हाडं, पाणी सांगणाऱ्या काट्याला जास्तीचे पैसे देऊ नका. पायातून बारीक वीज सोडून तो अंदाज बांधतो. तुम्ही पाणी किती प्यायलात यावरही तो आकडा हलतो. साहेब निवृत्त झालेत, मागे एका लग्नात भेटले तेव्हा त्यांनी तसाच काटा घेतल्याचं कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, कशावर तपासला? म्हणाले, चालू केला की शून्य दाखवतो ना. साहेब, हे तुमच्या वाचनात आलंच तर एकदा आडतदाराकडून दोन वजनं आणून त्याच्यावर ठेवा.

एक राहिलं, ते महत्त्वाचं आहे. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी तो चरबी सांगणारा काटा वापरू नये, गरोदर बायांनीही नाही. साधा डिजिटल चालतो. आणि घरात हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर दोन-तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वाढलं, पायाला सूज दिसली, धाप लागली, तर आधी काटा तपासत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. त्यासाठी वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, एकाच जागी घ्या आणि तारीख घालून वहीत लिहा.