मालकांना सांग, आधी तेलाची वही

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

हायवेवरच्या हॉटेलात क्वालिटीचं काम तुझ्याकडे आलं आणि मालकांनी त्याच दमात 'सामाजिक जबाबदारीचंही काहीतरी बघ' म्हटलं, हे कळलं. शाळेत वह्या वाटायचा बेत लिहिला आहेस. वाट की, कोण नको म्हणतंय! कंपनी कायद्यातला 2 टक्के सीएसआर, म्हणजे नफ्यातून सामाजिक कामावर करायचा सक्तीचा खर्च, तुम्हाला लागू नाही. नफा, उलाढाल किंवा नक्त मत्ता कायद्यातल्या मोठ्या आकड्यांपर्यंत गेलेल्या कंपन्यांची ती गोष्ट. पण आधी तळणाची कढई बघ.

तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेले की ते तेल बाद, हा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम 1 जुलै 2018 पासून आहे. मीटर बुडवायचा, आकडा लिहायचा, सही ठोकायची. ऑडिटर खूश. पण बाद तेल जातं कुठं? पुष्कळदा स्वस्तात एखाद्या गाड्यावर. आपल्या गिऱ्हाइकाला जे चालत नाही, त्यातच तळलेली भजी शाळेतून सुटलेली पोरं खातात. म्हणून वहीत आणखी एक रकाना आख: किती लिटर, कुणाला दिलं, पावती आहे का. बायोडिझेलसाठी जुनं तेल गोळा करणारे नोंदणीकृत लोक असतात, त्यांनाच दे. 'रुको' ही एफएसएसएआयची योजना त्यासाठीच आहे.

मग भिंतीवरची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची पाटी, बघ. इंग्रजीत, लॅमिनेट केलेली. भांडी घासणारी मावशी खानापूरकडची, आचारी गोकाकचा, वेटर ओडिशाचा. क्लोरीनचं प्रमाण वाचणार कोण? कानडी, मराठी, हिंदीत लिहून घे आणि शेजारी मापाच्या मगाचं चित्र काढ. भाषेवरून आपल्याकडे किती डोकी तापतात ते तू लहानपणापासून बघतेस. किचनमध्ये कुणाचा हात भाजू नये एवढंच बघायचं.

तक्रारी वाढल्या की ड्युटी चार्ट काढ. सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीत, हिवाळी अधिवेशन लागलं की लॉज फुल्ल होतात, आणि रात्रपाळी केलेलाच पोरगा सकाळी नाश्त्याला उभा असतो. त्याच्या हातून ऑर्डर चुकली की ऑडिटमध्ये शेरा पडतो, 'ट्रेनिंग द्यावे'. त्याला झोप हवी असते गं! साप्ताहिक सुट्टी, पीएफ, स्टाफचं ताजं जेवण हे सगळं क्वालिटीच्याच खात्यात धर. माणसं टिकली नाहीत तर दर दोन महिन्यांनी नवख्याला पहिल्यापासून शिकवत बसशील.

क्वालिटीच्या नावाखाली वाईटही चालतं बरं. ग्लास फुटला की वेटरचा पगार कापायचा, हा त्यातलाच प्रकार. कापाकापी सुरू झाली की पोरं फुटकं लपवतात आणि काच बर्फाच्या डब्यात निघते. तो दंड पहिल्याच मीटिंगमध्ये बंद करायला लाव. रोज चादरी बदलायच्या का, तेही पाहुण्यालाच विचारत जा. धुण्याला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकरचं बिल हॉटेललाच भरावं लागतं.

आणि हो, सामाजिक जबाबदारीचं 'आयएसओ 26000 सर्टिफिकेट' विकायला कुणी आला तर चहा पाजून परत पाठव. 2010 सालचं ते मार्गदर्शन आहे, त्याचं सर्टिफिकेट नसतंच. मालकांना भिंतीवर लावायला काही हवंच असेल तर एफएसएसएआयचं हायजीन रेटिंग घ्या म्हणावं.

तुझा,
काका