वाचकांचे प्रश्न : प्रतिकार मोडला की दिसलाच नाही?

प्रश्न : आमचे रुथेनियम संयुग आम्ही ए२७८० आणि तिची सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त कर्करोगविरोधी औषधाला दाद न देणारी जोडीदार ए२७८०सिस, या अंडाशयाच्या कर्करोगाच्या दोन सेल लाइनवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) ७२ तास ठेवून एमटीटी (किती पेशी जिवंत उरल्या हे रंगावरून मोजणारी चाचणी) केली. रेझिस्टन्स फॅक्टर १.१ आला, सिस्प्लॅटिनचा १.४. दोन्ही डीएमएसओ या द्रावकात विरघळवली होती. आमच्या संयुगाने प्रतिकार मोडला, असे लिहावे का?

उत्तर : इतक्यात नको. आधी तो १.४ तपासा. प्रतिरोधक पेशींच्या आयसी५०ला (निम्म्या पेशींची वाढ रोखणाऱ्या मात्रेला) मूळ पेशींच्या आयसी५०ने भागले की हा आकडा येतो, आणि या जोडीत सिस्प्लॅटिनसाठी तो कितीतरी मोठा यायला हवा. तुमच्या प्लेटमध्ये प्रतिकारच दिसलेला नाही, मग मोडला काय?

पहिला संशय डीएमएसओवर. त्यातला गंधक प्लॅटिनमवरच्या क्लोराइडला हुसकावून तिथे स्वतः बसतो. मग बाटलीवर नाव सिस्प्लॅटिनचे, आत भलतेच काही. सिस्प्लॅटिन ०.९ टक्के सलाइनमध्ये विरघळवा. त्यात सुमारे १५४ मिलिमोलर क्लोराइड असल्याने रेणू टिकतो. द्रावण ताजे करा, उजेडापासून जपा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, स्फटिक खाली बसतात.

दुसरा संशय पेशींवर. ए२७८०सिसला दर दोन-तीन पॅसेजला (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीला) १ मायक्रोमोलर सिस्प्लॅटिन दिले नाही, तर प्रतिकार ओसरत जातो. चाचणीसाठी पेशी पेरताना मात्र माध्यमात औषध नको.

हे सुधारूनही तुमचा आकडा १च्या आसपास राहिला, तर कर्करोगी नसलेल्या पेशींवरही संयुग तपासा. सरसकट विषारी पदार्थाचाही फॅक्टर १ येतो, हे बरेच जण विसरतात. मग आयसीपी-एमएसने (धातूचा अंश मोजणाऱ्या यंत्राने) दोन्ही लाइनच्या पेशींत रुथेनियम किती शिरले ते मोजा आणि बीएसओ या रसायनाने ग्लुटाथिओन (धातूंच्या औषधांना पकडून निष्प्रभ करणारा पेशीतला रेणू) घटवून चाचणी पुन्हा करा. आयसी५० तरीही हलला नाही, तर तुमचे संयुग ग्लुटाथिओनच्या तावडीत फारसे सापडत नाही, एवढे म्हणता येईल.

प्रश्न : सिस्प्लॅटिन निष्प्रभ ठरल्यावर त्याच गटातले कार्बोप्लॅटिन चालेल का?

उत्तर : प्रतिकारापुरते बोलायचे तर सहसा नाही. डीएनएवर दोन्ही औषधे तोच दोन अमोनियांचा प्लॅटिनम तुकडा चिकटवतात. फरक मुख्यतः वेगाचा आणि दुष्परिणामांचा. ऑक्झालिप्लॅटिन या आणखी एका प्लॅटिनम औषधावर अमोनियाऐवजी डायअमिनोसायक्लोहेक्झेनचे अवजड कडे असते. मिसमॅच रिपेअरची (डीएनएतल्या जोड्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेची) प्रथिने असा तुकडा नीट ओळखत नाहीत, त्यामुळे ही यंत्रणा बिघडल्याने आलेला प्रतिकार त्याला फारसा आडवा येत नाही. औषध पेशीत शिरतच नसेल, तर मात्र हा फायदा हाती लागेलच असे नाही. रुग्णासाठीचा निर्णय अर्थात कर्करोगतज्ज्ञांचाच.