झिंग्यातला जंतू पेशीत शिरून करतो काय?

प्रश्न: सर, मागच्या रविवारी समुद्राचे झिंगे आणले होते, सावजी मसाल्यात मस्त उकळून केले तरी रात्रीपासून घरात तिघांची पोटं बिघडली. डॉक्टर म्हणाले व्हिब्रिओ असू शकतो. मुलगी बीएस्सीला आहे, ती म्हणते हे जंतू पेशीचं सिग्नलिंगच बंद पाडतात. म्हणजे काय हो? आणि एवढ्या तिखटात तो मेला कसा नाही? आता रोहू-कतलाच खायचे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, तिखटाने तो मरत नाही, उकळीने मरतो. तुमची भाजी उकळली होती ना, मग तो बहुतेक विळीवरून नाहीतर चाळणीतून आला असेल. कच्चे झिंगे साफ केले आणि त्याच पाटावर कांदा-काकडी चिरली, की झालं. पोषक जागा आणि 37 डिग्रीच्या आसपास गर्मी मिळाली तर हा 10 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे 10 जंतूंचे दोन तासांत 40 हजार, आणि आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर कसं तापते ते तुम्हाला सांगायला नको.

व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस त्याचं नाव. 1950 मध्ये जपानमधल्या ओसाकाला छोटी मासळी खाऊन 272 लोक आजारी पडले, 20 गेले, तेव्हा तिथले शास्त्रज्ञ फुजिनो यांनी तो शोधला.

आता मुलीचा मुद्दा, ती बरोबर बोलून राहिली. धोका कळला की पेशीत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक जण पुढच्याला फॉस्फेटचा शिक्का मारतो आणि तो फॉस्फेट एटीपीतून, म्हणजे पेशीच्या इंधनातून येतो. यालाच सिग्नलिंग म्हणतात. या जंतूकडे सुईसारखी यंत्रं आहेत, त्यातून तो आपली प्रथिनं थेट आपल्या पेशीत सोडतो. त्यातलं व्हॉप-ए नावाचं प्रथिन या साखळीतल्या एमकेके नावाच्या प्रथिनांना, एटीपी जिथे बसतो नेमक्या तिथेच, अ‍ॅसिटिलचा छोटासा तुकडा चिकटवते. एटीपीला बसायला जागाच नाही, शिक्का नाही, निरोप तिथेच अडकला. दुसरं व्हॉप-एस, ते पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या रो कुटुंबातल्या प्रथिनांवर अख्खा एएमपी (एटीपीचाच एक भाग) चिकटवते, मग पेशीचा सांगाडा ढासळून ती गोल होते. अमेरिकेतल्या डॅलसच्या किम ऑर्थ यांच्या लॅबने व्हॉप-एसचं हे काम 2009 मध्ये दाखवलं.

मला सगळ्यात थक्क करते ती पित्ताची गोष्ट. चरबी पचावी म्हणून आपलं शरीर आतड्यात पित्त सोडते, आणि त्याच पित्तातले क्षार ओळखून जंतूला कळते की आपण आतड्यात पोचलो, मग तो व्हॉप-ए सोडणारी सुई तयार करायला घेतो!

तिघांनाही ओआरएस देत राहा. संडासातून रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर पुन्हा डॉक्टरकडे न्या, घरी थांबू नका. लिव्हरचा त्रास असलेल्यांनी तर कच्चे-अर्धकच्चे झिंगे, शिंपले खाऊच नयेत.

रोहू-कतला खुशाल खा, तलावातल्या गोड्या पाण्यात हा जंतू वाढत नाही, त्याला मीठ लागते. फक्त दुकानात रोहू समुद्राच्या झिंग्यांच्या त्याच बर्फावर ठेवलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.