युद्धनौकेचं आयुष्य किती? आणि ती गेल्यावर खलाशांचं काय?

साधारण २५ ते ३५ वर्षं, भाऊ. पण हे कागदावरचं झालं. पहिली 'खुकरी' १९५८ ला नौदलात आली आणि ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. तेरा वर्षं! तिचं कामच पाणबुड्या हुडकायचं, हे जास्त लागतं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तेच नाव घेऊन माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी 'खुकरी' मात्र १९८९ ते २०२१, पूर्ण ३२ वर्षं राबली. आता दीवलाच आहे, लोकांना बघायला.

खलाशी जहाजाला बांधलेला नसतो. दोनेक वर्षांनी बदली होतेच, जहाज निवृत्त झालं की माणसं दुसरीकडे जातात. १५ वर्षं भरली की पेन्शन (अग्निवीरांचं वेगळं).

आमच्या भुसावळात वाफेची इंजिनं पाहिलेल्या म्हाताऱ्यांना बॉयलर सांगावा लागत नाही. गल्लीतले एक काका वाफेच्या जहाजावर स्टोकर (बॉयलरची आग सांभाळणारे) होते. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत पट्टा आहे. इथल्या मे महिन्यात आम्ही कूलरपुढून हलत नाही, ते ओट्यावर बसून गरम चहा पितात. विचारलं तर म्हणतात, "बॉयलर रूमपेक्षा गारच आहे."