विसरतं म्हणून रागावू नकोस

रिसोर्स रूममध्ये, म्हणजे शिकताना जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांच्या वर्गात, तू नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते. गरोदरपणी आईने घेतलेली दारू नाळेतून बाळापर्यंत पोचते, आणि मेंदू नऊही महिने घडत असतो. अमुक महिन्यात चालते असं काही नसतं. 1973 साली सिअ‍ॅटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी दारूमुळे बाळाला होणाऱ्या या इजेला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' नाव दिलं. पातळ वरचा ओठ, बारीक डोळे पाहून ओळखू म्हणशील, तर दारूची झळ लागलेली बहुतेक मुलं निसटतील. त्यांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो.

खरी गोम वर्गात कळते. काल सातचा पाढा घडाघडा, आज पाटी कोरी. हा आळस नव्हे. त्यात बोलायला ही मुलं चुरचुरीत, त्यामुळे सगळं समजलंय असं आपल्यालाच वाटतं. "वही काढ, तारीख लिही, गणित सोडव" एका दमात सांगू नकोस. एक सूचना, ती झाली की दुसरी. वेळ आणि पैसे फार जड जातात: घड्याळावर रंगीत पट्टी चिकटव, सुट्टी नाणी हातात दे. उजळणी रोज, आणि त्याच शब्दांत. शब्द बदललेस की त्याच्यासाठी नवा धडा.

आईला मात्र खोदून विचारू नकोस. ते डॉक्टरांचं काम. आरोप झाला असं वाटलं, तर ती शाळेकडे फिरकणार नाही.